दुपारची ओपीडी

सोलापुरात डॉक्टरला दोन प्रश्न हमखास विचारतात. कशाचे डॉक्टर, आणि दवाखाना कुठं? मला दोन्हींची सरळ उत्तरं देता येत नाहीत. मी एमबीबीएस आहे, पण माझ्या नावाची पाटी कुठल्याही गल्लीत नाही. माझी दुसरी पदवी एमबीए. लग्नकार्यात मी ती सांगितली की समोरचा माणूस हळू आवाजात विचारतो, "म्हणजे प्रॅक्टिस चालली नाही का?"

चालली असती. आमचं शुक्रवार पेठेत भांड्यांचं दुकान. वरच्या माडीवर लेकीचा दवाखाना काढायचा, हे अप्पांनी मी बारावीला असतानाच ठरवलं होतं. पेठेतली सगळी ओळखीची माणसं. पाटी लावायचा अवकाश, जिना भरला असता. मी तिकडे का गेले नाही, आणि गेले नाही त्याचं काय झालं, ते सांगते.

शहर संपून कुंभारीचा रस्ता लागतो त्या बाजूला एक धर्मादाय रुग्णालय आहे. नाव देत नाही, कारण पुढं त्याच्या गुणांबरोबर अवगुणही येतील. इंटर्नशिप संपल्यावर मी तिथं वैद्यकीय अधिकारी म्हणून लागले. वर्षभर काम करावं, बाजूला अभ्यास करावा आणि एमडीला जावं, असा सरळ बेत होता.

तिथं माझ्याकडे मल्लप्पा यायचे. अक्कलकोटच्या पलीकडचे शेतकरी, साठी उलटलेले, अंगात साखर आणि पायाच्या अंगठ्याला चिघळलेली जखम. मराठी त्यांना यायचं, पण दुखणं सांगायचं म्हटलं की ते कानडीत शिरायचे. आमच्या घरात कानडीच बोलतात, म्हणून ते मलाच शोधत यायचे. मी त्यांना सर्जनकडे पाठवलं. सर्जनचा वार दुसरा होता. त्या वाराला ते आले, तर साखरेचा ताजा रिपोर्ट हवा म्हणून सांगितलं. त्यांनी रक्त दिलं, पण रिपोर्ट मिळायची खिडकी तोवर बंद झाली. पुढच्या खेपेला रिपोर्ट हातात होता, तर सर्जन ऑपरेशनमध्ये अडकलेले. दर खेपेला एसटी, दर खेपेला शेतातला एक दिवस. सगळं जुळून आलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. तो काढावा लागला.

महिन्याच्या बैठकीत या केसची चर्चा झाली. सर्जननी वेळेवर तपासलं होतं. लॅबनं नियमाप्रमाणे रिपोर्ट दिला होता. मी बरोबर ठिकाणी पाठवलं होतं. प्रत्येकानं आपापला कागद दाखवला आणि कुणाचंच चुकलं नसल्याचं ठरलं. मग चहा आला.

मी वॉर्डात मल्लप्पांकडे गेले. माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. "निम्म तप्प इल्ल री, डॉक्टरम्मा," ते म्हणाले. तुमची चूक नाही. तेही तेच म्हणत होते. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. कुणाचंच चुकलं नाही आणि तरी माणसाचा अंगठा जातो, तर ते बघायचं काम कुणाचं? अंगठ्याचे डॉक्टर होते, साखरेचे डॉक्टर होते. त्या दोन खोल्यांमधल्या बोळाचा डॉक्टर कुणीच नव्हता.

हे शिकवणारी विद्या असते, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. गावातल्याच एका कॉलेजात संध्याकाळचा एमबीएचा वर्ग चालतो, नोकरी करणाऱ्यांसाठी. मी त्यांचा अभ्यासक्रम मागून आणला. त्यात रांगा, खोळंबा, कामाची मांडणी, कोण कुठं अडकतं आणि का, असे अख्खे विषय होते. एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांत या गोष्टींवर मी एक पान वाचलं नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा आई स्वयंपाकघरात निघून गेली. अप्पांनी हिशेबाचा चष्मा काढला.

"एमडी नाही?"

"आत्ता नाही, अप्पा. हे आधी."

"डॉक्टर होऊन धंदा शिकणार, आणि धंदा घरचा तो करणार नाही."

"धंदा नाही शिकणार. माणसं का खोळंबतात ते शिकणार."

अप्पांनी माडीच्या जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आयतु. ओदु." म्हणजे ठीक आहे, शीक. त्या दोन शब्दांत त्यांनी मनातला दवाखाना गुंडाळून ठेवला, हे मला कळत होतं.

रुग्णालयात सांगणं जास्त अवघड गेलं. प्रसूती विभागाच्या प्रमुख निंबाळकर मॅडम. उंच, करड्या, शिस्तीच्या. बाळंतपणं मी त्यांच्याच हाताखाली शिकले. चुकलं तर बाईसमोर कधी बोलायच्या नाहीत, बाहेर आल्यावर मात्र सोडायच्या नाहीत.

"एमबीए?" त्या म्हणाल्या. "म्हणजे आता साबण विकणार?"

"नाही मॅडम, रुग्णालय चालवायला शिकणार."

"रुग्णालय डॉक्टर चालवतात."

"डॉक्टर रुग्ण तपासतात, मॅडम. रुग्णालय आपोआप चालतंय असं आपण धरून चालतो."

त्यांना राग आला. "तुझ्या हाताला गुण आहे. तो तू फायलींवर वाया घालवणार. जा." पुढं कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

दिवसा ओपीडी आणि संध्याकाळी वर्ग, अशी दोन वर्षं गेली. वर्गात साखर कारखान्याचे अधिकारी, बँकेतले लोक, एक औषधविक्रेता आणि माझ्या बाकावर व्यंकटेश. त्याच्या घरचा टॉवेलचा कारखाना. घरात तेलुगू, कामगारांशी दख्खनी, माझ्याशी मराठी. पहिल्या परीक्षेत मी उत्तराला 'लक्षणं', 'निदान' आणि 'उपचार' असे मथळे दिले होते. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि सगळे हसले. पण पेपरवर त्यांनी लिहिलं होतं, असंच लिहीत जा.

एकदा वर्गात वाद झाला. सर म्हणाले, ग्राहक कोण ते आधी ठरवा. मी उभी राहिले. म्हटलं, रुग्ण हा ग्राहक नसतो, तो अडचणीत असतो, त्याला दुकान बदलायची सोय नसते. मागून एक बँकवाला म्हणाला की मग तुम्ही त्याला टोकन देऊन बाकावर का बसवता, बँकेसारखं? मी खाली बसले. आजही मी रुग्णाला ग्राहक म्हणत नाही. पण ग्राहकाला जेवढं सांभाळतात तेवढं तरी त्याला सांभाळावं, हे त्या दिवशी पटलं.

आमच्या प्रकल्पासाठी व्यंकटेशनं मला त्याच्या कारखान्यात नेलं. माग खडखडत होते. मला वाटलं, काम म्हणजे हेच. त्यानं मला मागांपासून लांब नेलं आणि कोपऱ्यातले ढीग दाखवले. विणलेले टॉवेल शिलाईची वाट बघत पडलेले, शिवलेले टॉवेल धुलाईची.

"टॉवेल मागावर थोडाच वेळ असतो," तो म्हणाला. "बाकी सगळा वेळ तो ढिगात पडून असतो. माझे वडील आयुष्यभर माग वेगानं पळवत आले. ढीग मात्र वाढतच गेले."

मी त्या ढिगाकडे बघत उभी राहिले आणि मला आमचा ओपीडीबाहेरचा बोळ दिसला. आम्हीही डॉक्टरला भरभर तपासायला लावत होतो. बाकावरच्या माणसाकडे बघत नव्हतो. आमचं काम काय, असं कुणी विचारलं तर मी अजून हाच टॉवेलचा ढीग सांगते. इतकं सोपं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नाही.

पदवी मिळाल्यावर रुग्णालयानं मला प्रशासनात घेतलं. मोठं पद नव्हतं. एक टेबल, एक पंखा आणि सगळ्यांचा संशय. डॉक्टरांना वाटायचं मी विश्वस्तांची माणूस, विश्वस्तांना वाटायचं मी डॉक्टरांची. सुरुवातीची कामं बारीक होती. रिपोर्टची खिडकी सर्जनच्या वेळेबरोबर उघडी ठेवणं, साखरेच्या रुग्णांसाठी जखमेचा आणि रक्ताचा एकच वार ठरवणं. मल्लप्पांसारखी माणसं मग एका खेपेत मोकळी होऊन दुपारच्या एसटीनं परत जायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्या वारी बोळातली गर्दी कमी दिसली की मला भूक चांगली लागायची.

मग तो ठराव आला.

विश्वस्तांनी पुण्याहून एक सल्लागार बोलावला होता. नीटनेटका, हुशार माणूस. त्यानं पडद्यावर दाखवलं की प्रसूती विभागात येणाऱ्या बायका वर्षामागून वर्ष कमी होत आहेत, खाटा रिकाम्या राहतात आणि खर्च तेवढाच आहे. हा विभाग बंद करून तिथं गुडघे बदलायच्या शस्त्रक्रिया सुरू कराव्यात. अध्यक्ष स्वतः यंत्रमागाचे कारखानदार, आकड्यांना मानणारे. निंबाळकर मॅडम समोर ताठ बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की ही कल्पना माझी आहे असं त्यांना वाटतंय.

अध्यक्ष मला म्हणाले, "तू एमबीए आहेस. सांग, आकडे खोटे आहेत का?"

"आकडे खरे आहेत, साहेब. पण ते आलेल्या बायकांचे आहेत. न आलेल्या बायका कुठं गेल्या, ते त्यात नाही."

"कुठं गेल्या?"

"मला माहीत नाही. शोधून सांगते. तोवर विभाग बंद करू नका."

अध्यक्षांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

रुग्णालयाच्या अहवालात वर्षानुवर्षं एक वाक्य छापलं जायचं, की परिसरातल्या महिलांमध्ये पुरेशी जागृती नाही. मी ते वाक्य डोक्यात घेऊनच कुंभारीला गेले. तिथल्या कामगार वसाहतीत घरोघरी बिड्या वळतात. बायका उंबऱ्यात बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. बोटं चालूच असतात, बोलताना सुपाकडे बघतही नाहीत. पहिल्याच गल्लीत नरसम्मा भेटल्या. पन्नाशीच्या, कुंकू मोठं, आवाज त्याहून मोठा. शेजारी त्यांची सून सुजाता, चौथा महिना, फिकी, बारीक.

मी रुग्णालयातून आल्याचं सांगितलं.

"आमी येत न्हाय तितं," नरसम्मा म्हणाल्या.

"का? वागणूक बरी नाही का?"

"वागणूक चांगली हाय की. ती मोठी बाई वरडती, पण लई नीट बघती. पण तुमचं सगळं सकाळी असतंय. सकाळी आमचं ब्रँच असतंय."

ब्रँच म्हणजे बिडी कारखान्याची शाखा. आदल्या दिवशी वळलेल्या बिड्या सकाळी तिथं नेऊन द्यायच्या, त्या तपासून घेईपर्यंत थांबायचं आणि पुढची पानं, तंबाखू घेऊन यायचं. ती सकाळ चुकली की दोन्ही दिवसांचं काम बुडतं. आमची गरोदर बायकांची ओपीडी दुपारी बारा-एकला संपायची. म्हणजे या बाईनं यायचं तर आधी ब्रँच सोडायचं. आणि आली तरी सोनोग्राफीला दुसरा वार, रक्ताला तिसरा.

"सुजाताला मग कुठं दाखवलंय?"

"कुटं न्हाय. दुखायला लागल्यावर जवळच्या खासगीत नेऊ."

"आणि दवाखाना दुपारी असला तर?"

नरसम्मांची बोटं पहिल्यांदा थांबली. "दुपारी कुटं दवाखाना असतोय, बाई?"

त्या संध्याकाळी मी चार गल्ल्या फिरले. माझं तेलुगू व्यंकटेशच्या कृपेनं जेमतेम, पण प्रत्येक उंबऱ्यात उत्तर तेच मिळालं. जागृती पुष्कळ होती. सकाळ मोकळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी बसायला सांगितलं नाही.

"विभाग बंद करायची कल्पना माझी नव्हती, मॅडम. चालू ठेवायची माझी आहे. पण त्यासाठी ओपीडी दुपारी घ्यावी लागेल."

"दुपारी मी जेवते."

"जेवून झाल्यावर."

मी त्यांना कुंभारीची हकीकत सांगितली. नरसम्मा त्यांना ओरडणारी मोठी बाई म्हणाल्या, तेही सांगितलं. त्यांच्या ओठाची एक कड हलली.

"एकाच खेपेत रक्त, सोनोग्राफी, गोळ्या, सगळं करणार?"

"सगळं."

"हे मी किती वर्षं मागतेय. आणि रक्ताचा फ्रीज. बाळंतिणीचं रक्त वाहत असताना नवरा चिठ्ठी घेऊन गावात पळतो, हे मी किती वर्षं सांगतेय."

"सांगताना काय म्हणायचात, मॅडम?"

"हेच की हे असलंच पाहिजे."

"मी त्यांना सांगते, हे असलं तर काय होईल आणि नसलं तर काय होतंय."

मॅडमनी समोरची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली. "बस."

खरं सांगायचं तर या कामात अर्धी विद्या भाषांतराची आहे. डॉक्टर म्हणतो, रुग्णाला धोका आहे. विश्वस्त म्हणतात, परवडत नाही. दोघंही खरं बोलत असतात आणि एकमेकांना ऐकू जात नाही. दोन्ही पदव्यांमुळे मला दोन्ही भाषा कळत होत्या. सोनोग्राफीचे डॉक्टर सकाळी गावात आपल्या सेंटरवर असायचे, त्यांना उलट दुपारच सोयीची पडली. लॅबच्या लोकांना पाळ्या बदलायच्या नव्हत्या. त्यांच्याशी आठवडाभर बोलावं लागलं. रक्ताच्या फ्रीजसाठी मी विश्वस्तांपुढं उभी राहिले तेव्हा दयेचा एकही शब्द वापरला नाही. फक्त विचारलं, रक्त नाही म्हणून आपण ज्या अवघड बाळंतिणी दुसरीकडे पाठवतो, त्यांच्या नात्यातली पुढची बाई आपल्याकडे का येईल? फ्रीज मंजूर झाला. परवानगी काढून शहरातल्या रक्तपेढीशी तो जोडून घेतला.

पहिली दुपार आली. मॅडम जेवून वेळेवर येऊन बसल्या. सोनोग्राफीवाले आले, लॅबवाले आले. कुंभारीत गल्लोगल्ली निरोप दिले होते, पण बाई एकही आली नाही. घड्याळ पुढं सरकत होतं. शेवटी मी बाहेर पडले. पाहते तर ओपीडीचं गेट बंद आणि आत रखवालदार काका डबा खात बसलेले.

"काका, गेट का लावलंय?"

"एक वाजला की लावतोच की मॅडम. कायमची ऑर्डर हाय."

"कुणी आलं होतं का?"

"बायका आल्त्या बऱ्याच. दवाखाना बंद हाय म्हणून सांगितलं. गेल्या."

मी डॉक्टरांना सांगितलं होतं, लॅबला, फार्मसीला, झाडूवाल्या मावशींना. गेटवर सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी स्कूटर काढली आणि तशीच कुंभारीला गेले. नरसम्मा उंबऱ्यात होत्या.

"बोलावता आणि गेट लावता," त्या म्हणाल्या. बाकीच्या बायका माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"चुकलं आमचं. चला, मी आत्ता न्यायला आलेय."

"आत्ता पानं भिजत घातलीत."

"उद्या, मग. मी स्वतः गेटवर उभी राहते."

दुसऱ्या दिवशी मी उन्हात गेटवर उभी राहिले. रखवालदार काकाही शेजारी उभे राहिले, अपराधी चेहऱ्यानं. रस्त्याच्या वळणावर आधी एक रिक्षा दिसली, मग दुसरी. नरसम्मा पुढच्या सीटवर चालकाला चिकटून बसल्या होत्या आणि मागं सुजाता धरून गल्लीतल्या पाच-सहा पोटुशा. काकांनी गेट इतकं सताड उघडलं की ट्रक आत आला असता.

त्यानंतर अडचण आली ती उलट बाजूनं. बायका इतक्या यायला लागल्या की पुन्हा खोळंबा. आणि एका दुपारी मॅडम लाल होऊन माझ्या टेबलापाशी आल्या. "चल, बघ तुझी ओपीडी." बोळात सगळ्याजणी रांगेनं खाली बसलेल्या, मांडीवर सुपं, आणि आमच्या रुग्णालयात, तंबाखू वाईट म्हणणाऱ्या फलकाखाली, बिड्या वळणं चालू.

"नरसम्मा, हे काय?"

"बसून काय करायचं? हात रिकामा ठेवायला जमत न्हाय."

मॅडम भडकणार होत्या. मी त्यांना म्हटलं, ही तंबाखूची तक्रार नाही, बसवून ठेवल्याची तक्रार आहे. मग मी वसाहतीतल्या गल्ल्यांना वेळा वाटून दिल्या. तुमची गल्ली या वेळेला, पुढची त्यानंतर. आपल्या वेळेला आलं की सगळं आटपून निघायचं. सुपं घरी राहायला लागली. आणि मॅडम आता प्रत्येकीला तंबाखूपासून पोटातल्या बाळाला काय होतं ते सांगू लागल्या, निदान हे महिने मांडीवर सूप नको म्हणून. कुणी ऐकलं, कुणाला ऐकणं परवडलं नाही. पण प्रत्येकीचं रक्त तपासलं गेलं, गट नोंदला गेला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सुजाताच्या गालांवर रंग आला.

दिवाळी जवळ आली तशी सुजाताचे नऊ महिने भरले. दुपारीच कळा सुरू झाल्या आणि ओपीडी चालू असतानाच तिला मुलगी झाली. मॅडम शेजारी ऑपरेशनमध्ये होत्या, दुसऱ्या बाईचं सिझेरियन अर्ध्यावर. मी ऑफिसात माझ्या टेबलापाशी होते. सिस्टर धावत आली. "मॅडम, बारा नंबरच्या सुजाताचं रक्त थांबत नाही."

बाळंतपणानंतर गर्भाशय मुठीसारखं आवळलं जायला हवं. नाही आवळलं तर आतल्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात आणि बाई बघता बघता पांढरी पडते. मी आत गेले तेव्हा सुजाता पांढरी पडत चालली होती. इंजेक्शनं दिलेली होती. मी हातमोजे चढवले आणि मॅडमनी शिकवलं होतं तेच केलं. एक मूठ आतून, दुसरा हात पोटावरून, आणि मधल्या गर्भाशयाला दाबून धरलं. किती तरी वर्षांनी हाताला ते काम लागलं होतं. हात विसरला नव्हता.

"तिच्या गटाचं रक्त आणा," मी म्हटलं. "फ्रीजमधलं."

सिस्टर गेली आणि आली. कुणी चिठ्ठी घेऊन पळालं नाही, कुणाचा गट तपासत बसावं लागलं नाही. पिशवी लागली. सिझेरियन आटपून निंबाळकर मॅडम दारातून आल्या, नव्या मोज्यांत हात घालत.

"हात काढू नकोस," त्या म्हणाल्या. "सुटतंय असं वाटलं तरी काढू नकोस."

आम्ही दोघी तशाच वाकून उभ्या राहिलो. मग माझ्या मुठीखाली काहीतरी बदललं. सैल पिशवीसारखं होतं ते कडक होऊ लागलं, आवळू लागलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली. "धरलं."

बाहेर येऊन मी जिन्यावर बसले. नरसम्मा समोर आल्या, हातात गुंडाळलेली नात. "सिस्टर सांगायली, तुमी हाफिसातल्या म्हणून."

"हो, ऑफिसातलीच."

"मग हाफिसात असल्या बायका ठेवायला पायजेत," त्या म्हणाल्या आणि नात माझ्या मांडीवर ठेवून मोकळ्या झाल्या.

दिवाळीच्या आधी विश्वस्तांची बैठक झाली. पुण्याचे सल्लागारही आले होते. या वेळी पडद्यावरची रेघ वर गेली होती. खाटा रिकाम्या नव्हत्याच, उलट दोन बाळंतिणींना दुसऱ्या वॉर्डात झोपवावं लागलं होतं. मी बोलायला उभी राहिले आणि ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून गर्भाशय कसं आवळतं ते सांगितलं, आणि ते आवळेपर्यंतच्या वेळात रक्त जवळ असणं म्हणजे काय ते सांगितलं. कारखानदार अध्यक्षही मन लावून ऐकत होते. मग निंबाळकर मॅडम उठल्या.

"आमच्या विभागाची क्षमता अपुरी पडतेय," त्या म्हणाल्या. "मागणी दुपारी आहे हे सिद्ध झालंय. खाटा वाढवल्या नाहीत तर आलेला रुग्ण परत जाईल, आणि एकदा गेलेला परत येत नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझे शब्द त्यांच्या तोंडी, त्यांचे माझ्या. सल्लागारानं हसून आपला संगणक मिटला. अध्यक्षांनी विचारलं, "खाटा किती हव्यात?" बंद करायची गोष्ट कुणी काढलीच नाही. बाहेर पडताना ते सल्लागार मला म्हणाले की न आलेल्या बायकांचा मुद्दा आपण आता दुसरीकडेही सांगणार आहोत. मी म्हटलं, सांगा, फक्त आधी गेट बघा.

याची किंमत काय, तेही सांगायला हवं. माझे स्वतःचे रुग्ण नाहीत. वर्गमित्रांच्या केबिनमध्ये लोकांनी आणलेले पेढे असतात, माझ्या टेबलावर पाळ्यांचे तक्ते. माडीवरच्या खोलीत अप्पांनी पितळेची जुनी भांडी रचून ठेवली. त्यांना वाईट वाटलं, आणि कधीकधी मलाही वाटतं. पण दुपारी खिडकीतून पाहिलं की बोळातला बाक रिकामा असतो. आलेली बाई आत असते किंवा घरी गेलेली असते. तो रिकामा बाक माझा आहे.

आता प्रसूती विभाग दुप्पट झाला आहे. परवा माझ्या दारात एक तरुण डॉक्टर येऊन उभी राहिली. आफरीन, निंबाळकर मॅडमची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी, जिच्या हाताचं त्या साऱ्या वॉर्डात कौतुक करतात.

"मॅडमनी पाठवलंय," ती म्हणाली. "तुमचं ते दुसरं शिक्षण कसं करायचं, ते विचारून ये म्हणाल्या."

"निंबाळकर मॅडमनी?"

"हो. म्हणाल्या, माझ्यानंतर हा विभाग तुला चालवायचाय, नुसता तपासायचा नाही." आफरीन दोन पावलं आत आली. "पण एक अट घातली त्यांनी. लेबर रूम सोडायची नाही. दोन्ही करायचं."

मी तिला बसायला सांगितलं. दोन्ही करणं जड जाईल, हेही सांगितलं. दिवसभर बाळंतपणं, संध्याकाळी वर्ग, घरी अभ्यास.

"करून घेते, मॅडम," ती म्हणाली. "सुरू कधीपासून होतंय तेवढं सांगा."